‘स्टार्ट ओव्हर’ म्हणजे नुसतं ‘परत सुरू करणं’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: “मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. अमेरिकेतल्या कस्टमरच्या मेलमध्ये ‘वी विल हॅव टू स्टार्ट ओव्हर ऑन द सॅम्पल्स’ असं वाक्य होतं. आमच्यातला एक जण म्हणाला, सॅम्पलचं काम सुरू होऊन संपलं, आता बल्क, म्हणजे मोठ्या संख्येचं उत्पादन, घ्यायला हरकत नाही. दुसरा म्हणाला, मध्ये थांबलेलं काम पुढं चालू करा असं त्यांचं म्हणणं आहे. नेमकं काय समजायचं? आणि आपण स्वतः ‘स्टार्ट ओव्हर’ कधी म्हणायचं आणि ‘स्टार्ट अगेन’ कधी?”

दोन्ही अर्थ चुकलेत, आणि दोन्ही महागात पडले असते. कस्टमर म्हणतोय की आत्तापर्यंतची सॅम्पल्स हिशेबात धरू नका, ती पहिल्यापासून करा. म्हणजे नवीन कास्टिंग, नवीन डायमेन्शन रिपोर्ट, पीपीएपीची, म्हणजे उत्पादनाआधी कस्टमरच्या मंजुरीसाठी द्यायची, कागदपत्रं असतील तर तीही नव्यानं. बल्कला परवानगी तर सोडाच, तुम्ही जिथून निघालात तिथं तुम्हाला परत आणून उभं केलंय.

पहिल्या मित्राची गफलत मला ओळखीची आहे. राजारामपुरीतल्या माझ्या वर्गात हा शब्द निघाला की मागच्या बाकावरून हमखास येतं, “सर, ओव्हर म्हंजे संपलं की ओ!” यात त्या पोरांचा काय दोष? गेम ओव्हर, मॅच ओव्हर, पार्टी इज ओव्हर असंच ऐकत आपण मोठे झालो. शिवाय क्रिकेटमधली सहा चेंडूंची ओव्हर, पुलासाठी फ्लायओव्हर, आणि जास्त बोलणाऱ्यासाठी ‘लई ओव्हर करतोय’. या सगळ्यांत ‘ओव्हर’चा ‘पुन्हा’ हा अर्थ कुठंच येत नाही. पण इंग्रजीत तो अर्थ आहे आणि चांगला रुळलेला आहे. ‘ओव्हर अँड ओव्हर’ म्हणजे पुन्हा पुन्हा, ‘थ्री टाइम्स ओव्हर’ म्हणजे तीनतीनदा. ‘डू इट ओव्हर’ म्हणजे ते परत कर. ‘स्टार्ट ओव्हर’मधला ‘ओव्हर’ याच घरातला आहे. ‘संपलं’वाला ‘ओव्हर’ बहुतेक वेळा ‘इज’, ‘वॉज’ यांच्या पाठोपाठ येतो, ‘द मीटिंग इज ओव्हर’ असा. ‘स्टार्ट’सारख्या क्रियापदाला चिकटून आला की तो ‘संपलं’ नसतो, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पहिल्या मित्राचं काम भागेल.

दुसऱ्या मित्राची चूक जास्त बारीक आहे, आणि खरी गोम तिथंच आहे.

मराठीत ‘परत सुरू केलं’ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात येतात. एक म्हणजे थांबलेलं काम जिथं थांबलं होतं तिथून पुढं नेणं. दुसरी म्हणजे झालेलं काम मोडीत काढून पहिल्यापासून करणं. ऐकणारा संदर्भावरून ओळखतो, म्हणून आपल्याला अडचण जाणवत नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘रिझ्यूम’, ‘कंटिन्यू’, ‘पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’ असे शब्द आहेत. दुसऱ्यासाठी ‘स्टार्ट ओव्हर’. ‘स्टार्ट अगेन’ आणि ‘बिगिन अगेन’ मात्र आपल्या ‘परत सुरू’सारखेच, दोन्हीकडं चालणारे.

तुम्ही फौंड्रीत आहात म्हणून तुमच्या भट्टीवरच समजून घेऊ. लाईट गेली, इंडक्शन फर्नेस बंद पडला, थोड्या वेळानं लाईट आली आणि आतला धातू अजून पातळ आहे. तुम्ही स्विच टाकता, तापमान परत वर नेता आणि तीच हीट, म्हणजे वितळवलेला तोच धातू, ओतता. याला इंग्रजीत ‘वी रिस्टार्टेड द फर्नेस अँड रिझ्यूम्ड पोअरिंग’ म्हणायचं. आता दुसरा प्रसंग. लाईट लवकर आलीच नाही, धातू भट्टीतच गोठला, लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, फोडून तो गोळा बाहेर काढावा लागला आणि नवीन लायनिंग ठोकून, वाळवून, तापवून घट्ट करून मग पुन्हा वितळवायचा माल भरला. इथं ‘वी हॅड टू स्टार्ट ओव्हर’. दोन्ही वेळा तुम्ही घरी जाऊन “भट्टी परत सुरू केली” एवढंच सांगाल. इंग्रजीत मात्र पहिल्या वेळी ‘स्टार्टेड ओव्हर’ लिहिलंत तर कस्टमर कपाळाला हात लावेल, की याची अख्खी हीट गेली का काय.

म्हणून वापरण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आधी केलेलं जमेत राहतंय की खोडलं जातंय? जमेत राहत असेल तर ‘रिझ्यूम’ किंवा ‘कंटिन्यू’. खोडलं जात असेल तर ‘स्टार्ट ओव्हर’.

मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजणाऱ्या माणसाला मध्येच फोन आला तर दोन गोष्टी होऊ शकतात. आकडा लक्षात असला तर तो त्याच आकड्यापुढून मोजायला लागेल: ‘ही पिक्ड अप व्हेअर ही लेफ्ट ऑफ’. आकडा विसरला तर शिव्या घालत पहिल्या रव्यापासून: ‘ही लॉस्ट काउंट अँड हॅड टू स्टार्ट ओव्हर’. मॅटवरची कुस्ती बघा. पैलवान रेषेबाहेर गेले की पंच त्यांना मध्यावर आणून परत लढत लावतात, पण फलकावरचे गुण तसेच राहतात. म्हणजे तेही ‘रिझ्यूम’. गुण पुसून शून्य-शून्यवर लढत लावली तरच ‘स्टार्ट ओव्हर’ म्हणता येईल.

पावसाच्या बाबतीत तर हा शब्द चालतच नाही. ‘इट स्टार्टेड रेनिंग अगेन’ बरोबर. ‘इट स्टार्टेड रेनिंग ओव्हर’ असं कुणी बोलत नाही. कारण पाऊस काही आधीची सर रद्द करून पडत नाही. जी गोष्ट कुणी हातानं करत नाही, आपसूक होते, तिला ‘स्टार्ट ओव्हर’ सहसा लावू नका. डोकेदुखी परत सुरू झाली, भांडण परत पेटलं, विहिरीला परत पाणी आलं, या सगळ्यांना ‘अगेन’.

आपल्याकडं ‘पुनश्च हरिओम’ हा शब्दप्रयोग फार चालतो, आणि भाषांतर करणारे त्याला डोळे झाकून ‘स्टार्टिंग ओव्हर’ लावतात. तसं लावू नये. लोकमान्य टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगून सुटले आणि १८९९ मध्ये ‘केसरी’ची सूत्रं पुन्हा हातात घेताना त्यांनी ‘पुनश्च हरिः ॐ’ हा अग्रलेख लिहिला. आधीचा ‘केसरी’ त्यांनी रद्द केला नव्हता, आधीची मतं तर नाहीच नाही. तुटलेला धागा त्यांनी पुढं ओढला. हे ‘रिझ्यूम’ झालं. २०२० साली लॉकडाऊन सैल करताना राज्य सरकारनं हेच शब्द वापरले आणि इंग्रजीत मोहिमेला ‘मिशन बिगिन अगेन’ नाव दिलं. सरकारी इंग्रजीचं कौतुक करण्याची वेळ क्वचित येते, पण हे नाव नेमकं होतं. ‘मिशन स्टार्ट ओव्हर’ ठेवलं असतं तर मागचं सगळं गुंडाळून शून्यावरून राज्य उभारायचं आहे असा वास आला असता.

मग आपल्या बाजूला ‘स्टार्ट ओव्हर’ला सगळ्यात जवळचं काय? पुस्तकी मराठीत ‘नव्याने सुरुवात करणे’ म्हणतात, आणि आयुष्याबद्दल बोलताना ते बरोबर बसतं. कामाच्या बाबतीत मला मात्र आपलं साधं ‘पयल्यापासनं’ जास्त चोख वाटतं. “आता परत पयल्यापासनं बघा” असं मिस्त्री म्हणतो तेव्हा त्यात आधीचं वाया गेल्याची हळहळ असते आणि थोडा वैतागही असतो. ‘वी हॅव टू स्टार्ट ओव्हर’मध्ये नेमकं तेवढंच असतं. ‘श्रीगणेशा करणे’ मात्र इथं नको, ते पहिल्यांदाच सुरू करण्यासाठी आहे.

कोल्हापूरचाच इतिहास घेऊन बघितलं तर हे शब्द आपापल्या जागी नीट बसतात. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. आधीचं मोडून तेच परत करणं हे नव्हे, स्वतःच्या पायावर उभं राहणं. त्याला ‘दे स्ट्रक आऊट ऑन देअर ओन’ म्हणतात. पुढं १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. गाव बदललं, कंपनी तीच, माणसं तीच, सिनेमे पुढं चालू. तिथं ‘दे मूव्ह्ड टू पुणे’ एवढंच पुरेसं आहे, ‘स्टार्टेड ओव्हर’ म्हणायचं कारण नाही. आणि १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. उभं केलेलं राख झालं आणि भालजींनी तो परत उभा केला. ‘ही लॉस्ट द स्टुडिओ अँड हॅड टू स्टार्ट ओव्हर.’ इथं दुसरा कुठला शब्द घातला तर हलका पडेल.

केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली, त्याची गोष्ट परत निराळी. ते होतं तसंच उभं राहावं अशी कोल्हापूरकरांची मागणी होती. जुनंच पुन्हा मिळवायचं असेल तर ‘रिस्टोअर’ किंवा ‘रिबिल्ड’. ‘स्टार्ट ओव्हर’मध्ये जुन्याशी इमान राखायचं बंधन नसतं, उलट जुन्यातून सुटका असते. हा फरक शब्दकोशात सहसा सापडत नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला तो लगेच कळतो.

महापुराच्या वेळचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्याच्या दुकानात पाणी शिरलं, ज्यानं चिखल उपसला, फळ्या धुतल्या आणि तोच माल परत मांडला, तो ‘रीओपन्ड हिज शॉप’. ज्याचा माल आणि भांडवल दोन्ही गेलं आणि ज्यानं दुसरीकडं गाळा घेऊन उधारीवर वेगळाच धंदा मांडला, तो ‘स्टार्टेड ओव्हर’. बातमी लिहिणाऱ्या पोरांनी हे सांभाळायला हवं, कारण पहिल्याला ‘स्टार्टेड ओव्हर’ म्हटलं तर त्याचं उगाच दिवाळं निघतं.

आता व्याकरण. हे थोडक्यातच उरकतो. ‘स्टार्ट ओव्हर’ बहुतेक वेळा कर्माशिवाय येतो: ‘लेट्स स्टार्ट ओव्हर’, ‘शी स्टार्टेड ओव्हर’, ‘आय डोन्ट वॉन्ट टू स्टार्ट ओव्हर’. भूतकाळ फक्त ‘स्टार्ट’चा होतो, ‘ओव्हर’ला हात लावायचा नाही. कर्म आणायचंच असेल तर ते मध्ये घाला: ‘स्टार्ट द टेस्ट ओव्हर’. कर्म सर्वनाम असेल तर मध्येच घालावं लागतं, ‘स्टार्ट इट ओव्हर’. ‘स्टार्ट ओव्हर इट’ ही शुद्ध चूक आहे. ‘स्टार्ट ऑल ओव्हर अगेन’मध्ये ‘ऑल’ आणि ‘अगेन’ जोर आणि दमणूक दाखवतात, ‘परत सगळं पहिल्यापासून’मधल्या ‘सगळं’सारखे. काही शिक्षक त्याला पुनरुक्ती म्हणून लाल रेघ मारतात. मारू देत, इंग्रज आणि अमेरिकन दोघंही ते सर्रास म्हणतात.

तुमच्या मेलच्या दृष्टीनं व्याकरणापेक्षा ‘ओव्हर’च्या पुढचा शब्द मोलाचा आहे. ‘ऑन द सॅम्पल्स’ म्हटलंय, म्हणजे रद्द झालेली गोष्ट सॅम्पल्स आहे, पॅटर्न (ज्यावरून ओतायचा साचा बनतो तो नमुना) नाही. ‘स्टार्ट ओव्हर फ्रॉम द पॅटर्न’ असतं तर पॅटर्नसुद्धा नवीन करा, आणि खर्चाचा आकडा एकदम वेगळा. ‘विथ’ आला की विशेष सावध व्हा. ‘स्टार्ट ओव्हर विथ अ न्यू सप्लायर’ म्हणजे तुम्ही बाद, काम दुसऱ्याकडं. ‘स्टार्ट ओव्हर विथ द कोअर बॉक्स’ म्हणजे कोअर बॉक्सपासून (आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा बनवायच्या पेटीपासून) सुरू करा असंही होतं, किंवा तो कोअर बॉक्स वापरून सुरू करा असंही. अशा ठिकाणी शब्दकोश मदत करत नाही, विचारावंच लागतं. उत्तर असं पाठवा: ‘जस्ट टू कन्फर्म, शुड वी रीसबमिट द सॅम्पल्स फ्रॉम द एक्झिस्टिंग पॅटर्न, ऑर स्टार्ट ओव्हर फ्रॉम द पॅटर्न?’ आहे त्याच पॅटर्नवरून सॅम्पल परत द्यायची की पॅटर्नपासून सगळं करायचं, असा सरळ प्रश्न. विचारण्यात कमीपणा नाही. अंदाजानं बल्क ओतून कंटेनर भरण्यात आहे.

तुमच्या बाजूनं लिहिताना मात्र हात आखडता ठेवा. ‘यू नीड टू स्टार्ट ओव्हर’ हे समोरच्याला फार लागतं. त्यात ‘तुमचं सगळं केलेलं फुकट गेलं’ असा निवाडा असतो. ड्रॉइंगमध्ये कस्टमरची चूक असली तरी त्याला हे वाक्य पाठवू नका. ‘वुड इट बी पॉसिबल टू रिव्हाइज द ड्रॉइंग’ पुष्कळ झालं. स्वतःबद्दल किंवा दोघांबद्दल बोलताना तो शब्द उलट गोड होतो. इंटरव्ह्यूमध्ये पहिलंच वाक्य अडखळलं तर ‘सॉरी, लेट मी स्टार्ट ओव्हर’ म्हणा आणि शांतपणे परत बोला, कुणी मार्क कापत नाही. मीटिंगमध्ये आवाज चढले आणि कुणी ‘कॅन वी स्टार्ट ओव्हर?’ म्हणालं, तर तो माघार घेत नसतो. मघाचं बोलणं दोघंही विसरूया, असं तो सुचवत असतो. त्यावर ‘व्हाय? आय ॲम नॉट राँग’ असं उत्तर देणारे महाभाग मी पाहिलेत. ‘शुअर, लेट्स’ एवढं म्हटलं की गाडी रुळावर येते.

ऐकण्यातली एक अडचण. फोनवर अमेरिकन माणूस हे दोन शब्द सुटे बोलत नाही. मधला ‘ट’ जिभेच्या टोकाला ओझरता लागून ‘ड’सारखा होतो आणि ऐकू येतं ‘स्टारडोव्हर’. जोर ‘ओव्हर’च्या ‘ओ’वर. आपण जोर ‘स्टार्ट’वर देतो आणि ‘ओव्हर’ गिळतो, मग त्याला वाटतं आपण नुसतंच ‘सुरू करा’ म्हणतोय.

मोबाइलवर आणि ऑनलाइन फॉर्मवर हा शब्द बटण म्हणून येतो, तिथं घाई करू नका. ‘बॅक’ दाबलं की मागचं पान. ‘स्टार्ट ओव्हर’ दाबलं की बहुतेक वेळा भरलेलं सगळं पुसलं जातं, पत्ता, पासपोर्ट नंबर, सगळं. व्हिसाचा लांबलचक फॉर्म अर्ध्यावर आणून लोक हे बटण ‘पुढे चालू’ समजून दाबतात आणि मग सायबर कॅफेत डोकं धरून बसतात. कॉल सेंटरच्या यंत्रातलं ‘टू स्टार्ट ओव्हर, प्रेस स्टार’ त्यामानानं निरुपद्रवी, फक्त मेनू परत ऐकावा लागतो.

जवळच्या शब्दांपैकी ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’ अवश्य वापरा. शर्यतीच्या सुरुवातीला जमिनीवर ओरखडा काढून आखलेली रेघ म्हणजे ‘स्क्रॅच’, आणि कुठलीही सवलत न घेता त्या रेघेवरून धावायला लागणं हा मूळ अर्थ. यात आधीचं काही रद्द झालंच पाहिजे असं नाही, पहिल्यांदाच शून्यातून उभं केलं तरी ‘फ्रॉम स्क्रॅच’ चालतं. तोच त्याचा ‘स्टार्ट ओव्हर’पेक्षा वेगळेपणा. ‘बॅक टू स्क्वेअर वन’ आपण होऊन कुणी करत नाही, नशिबी येतं. ‘बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड’ योजना फसल्यावर, थोडं हसत म्हणायचं. १९४१ साली न्यूयॉर्कर साप्ताहिकात पीटर आर्नोचं व्यंगचित्र आलं होतं: मागं विमान कोसळलंय आणि त्याचा इंजिनिअर बगलेत गुंडाळी धरून, चला परत ड्रॉइंग बोर्डकडं, असं म्हणत शांतपणे निघालाय. तिथून हा प्रयोग पसरला. ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ फक्त वागणुकीसाठी: दारू सोडली, अभ्यासाला लागला. सॅम्पल्सना लावू नका, ती बिचारी सुधारत नसतात.

इंग्लंड आणि अमेरिका यांचा फरक विचारला नाहीत, पण उपयोगी पडेल. शब्दकोश ‘स्टार्ट ओव्हर’ला अमेरिकन म्हणून नोंदवतात. इंग्रज माणूस त्याच अर्थानं ‘स्टार्ट अगेन’, ‘स्टार्ट अफ्रेश’ म्हणतो, पण तुमचं ‘स्टार्ट ओव्हर’ त्याला कळतं. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला दोन्ही चालतात. ‘डू ओव्हर’च्या बाबतीत मात्र जपा. अमेरिकेत ‘आय विल डू इट ओव्हर’ म्हणजे मी ते परत करीन. इंग्लंडमध्ये ‘ही गॉट डन ओव्हर’ म्हणजे त्याला कुणीतरी बदडलं. लंडनच्या कस्टमरला ‘वी विल डू यू ओव्हर’ असं काही लिहून बसू नका.